दारा-दारा

चौथ्या माळेच्या संध्याकाळी, चतुःशृंगीच्या पायथ्याशी
मी कुरिहारा-सानांना विचारलं, गर्दी चालेल ना?
गर्दी नसेल तर परत जाऊ, म्हणाले.

चाकणच्या कारखान्यात बारा वर्षं
मी त्यांच्यासारख्यांचं तोंड आहे आणि आमच्या लोकांचे कान.
उशीर, दोष, का उशीर, कोणाचा उशीर
हे शब्द दोन्ही दिशांनी इतके वाहिलेत
की झोपेतही बडबडते, असं मुलगी सांगते.

इथे कोणालाच काही वेळेत नको होतं.
पिपाण्या, बत्तासे, चुरमुऱ्यांचे ढीग,
खणांच्या घड्या, प्लॅस्टिकच्या बंदुका,
आणि पाळण्याच्या टोकावरून एक पोर
खाली उभ्या बापाला चक्क नावानं हाका मारत होतं.
कुरिहारा-सान सोनेरी माशांचं टब शोधत होते.
कागदाच्या जाळीनं मासा उचलायचा, म्हणाले,
जाळी भिजते, फाटते, मासा सुटतो,
पैसे खरं तर फाटण्याचेच देतो आपण.
मासे नव्हते. रिंग टाकून साबण जिंकायचा खेळ होता.
त्यांनी सात रिंगा टाकल्या, एक साबण मिळवला
आणि खिशातल्या वहीत लिहिलं: चौदा टक्के.

मग ओटीच्या दुकानांपाशी थबकून सांगू लागले.
तोक्योत एका देवळाशी सप्टेंबरात जत्रा भरते,
भोवती आता काचेच्या इमारती.
तिथे आलं विकतात. ओलं, गुलाबी देठाचं, पाल्यासकट.
त्यांची बायको दर वर्षी आणायची.
दिवसामागून दिवस चालते, संपता संपत नाही,
म्हणून लोक तिला म्हणतात
दारा-दारा.

मी शब्द चाचपत होते. लांबलेली? रटाळ?
तेवढ्यात नारळ रचणाऱ्या बाई म्हणाल्या,
"दाराला ना? मग तसं सांगा की.
झेंडूचं साठ, लोकरीचं दीडशे.
लोकरीचं घ्या, वर्षभर हलत नाही."
आणि दोन्ही हात फाकून तोरण धरलं.

मला हसू आवरेना. हसत हसतच
कौसाबाईंना (नाव मागाहून कळलं) सगळं उलगडून सांगितलं,
देऊळ, आलं, पाला, बायको.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आणायची म्हणजे?"
हा प्रश्न मी भाषांतरात घेतला नाही.
तरी कुरिहारा-सान म्हणाले, सहा वर्षं झाली.

फडक्याआड त्यांचा स्टोव्ह होता, चहाचा डबा होता.
डब्यातून बोटभर आलं काढलं, पदराला पुसलं.
"पाला नाही हो याला. मंडईत छाटूनच येतं."
त्यांनी पाकीट काढलं तशा बाई खेकसल्या,
"देवीच्या दारात आल्याचे पैसे घेऊ?"
हे मी शब्दशः सांगितलं.

दोन्ही हातांत घेऊन ते इतके खाली वाकले
की डोकं तोरणाला लागलं
आणि विरळ केसांत एक पाकळी अडकली.
कौसाबाई गडबडल्या. पाया पडणाऱ्या भाच्याला म्हणावं
तसं म्हणाल्या, "असू दे, असू दे."

सेनापती बापट रस्त्यावर, अर्धा तास न हललेल्या रिक्षात
मला शब्द सापडला. रेंगाळणं.
त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला, ळ चा र झाला.
कारखान्यात का नाही वापरत हा, विचारलं.
वापरतो की, म्हटलं. तुमच्यापर्यंत येता येता
त्याचा उशीर होतो.

मार्चअखेर ते कायमचे परतले.
विमानात कंदमुळं नेता येत नाहीत,
तो नियम त्यांनीच मला वाचून दाखवला,
आणि तुकडा माझ्या टेबलाच्या खणात ठेवला,
कॅलिपरशेजारी.

सुकून खारीक झाला होता.
तरी चैत्रात त्याला हिरवट टोक आलं.
आता खिडकीत, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आहे,
तीन पानं, चौथं गुंडाळलेलं.
फोटो पाठव ना, मुलगी म्हणते.
पाठवते म्हटलं.
ते चौथं उलगडू दे.