उशीपाशी पंच्याहत्तर

काही लग्नांत अग्नीला साक्षी ठेवतात.
इथे उलटं आहे:
अग्नी आलेलाच नाही,
आणि साक्षीला मी.

डंडी शहर, नोव्हेंबर. टे नदीवरचा वारा
लिफ्टच्या फटीतून शीळ घालतो.
आठ मजले, बहुतेकांची सत्तरी उलटलेली.
माझे पैसे विमा कंपनी देते, ठेकेदार नाही,
म्हणून चहासुद्धा माझ्याच थर्मासमधला.

रूअरी लांब काठीच्या टोकाला धुराचा डबा लावतो,
छताशी नेतो.
पांढरा, फुसका धूर. कुणाच्या घरचा नाही,
कशाचं काही जळून आलेला नाही.
मी घड्याळ बघते. सहा, सात, आठ.
आणि सबंध इमारत बोंब ठोकते.
चुंबकांनी धरलेली दारं सुटतात,
लिफ्ट तळाला जाऊन आ वासून बसते,
जिन्याच्या माथ्यावरची झडप उघडते:
चौकोनभर आभाळ, त्यात एक सीगल.

‘कागदावर सगळं पास आहे,’ रूअरी म्हणतो.
कागदावर मलाही पोहता येतं.
तिसऱ्या मजल्यावर एका डिटेक्टरची
नारिंगी टोपी कुणी काढलीच नव्हती;
डोळे बांधून पहाऱ्याला उभा केलेला शिपाई.
रूअरी कानापर्यंत लाल.
मी लिहून घेतलं. रागाने नाही.

पाचवा मजला, मिसेस ऑख्टरलोनी.
एकतीस वर्षं तागाच्या गिरणीत माग चालवला,
कान तिथेच ठेवून आल्या.
ओठ वाचतात. समोरच्याचं खोटंही वाचत असाव्यात.

नियम म्हणतो, उशीपाशी पंच्याहत्तर डेसिबल.
मीटर उशीवर ठेवला: अठ्ठ्याहत्तर.
ऐकू न येणाऱ्यांसाठी उशीखाली चकती असते,
तीही थरथरली.
पलंगावरचं मांजर
नियमाप्रमाणे जागं झालं आणि निघून गेलं.

पेन हातात होतं.
पण पलंगावर इस्त्रीचे कपडे, लोकरीचे गुंडे,
गेल्या नाताळातला बिस्किटांचा डबा.
‘तुम्ही झोपता कुठे?’
त्यांनी खिडकीपाशीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.
खुबा मोडल्यापासून. आडवं झालं की उठवत नाही.
‘दोन वर्षं झाली,’ म्हणाल्या,
‘येतो तो विचारतो, उशी कुठे आहे.’

रूअरी म्हणाला, शुक्रवारी ताबा द्यायचाय,
चार मीटर वायरचा प्रश्न,
आत्ता सही करा, मी लावतो, देवाशपथ.
म्हटलं, शपथ तू घेऊ नकोस बाबा,
ते काम माझं.

गुरुवारी परत गेले.
चकती आता खुर्चीच्या पाठीत, कापडाखाली.
मिसेस ऑख्टरलोनींनी बजावलं, कधी वाजवणार ते मला सांगू नका.
जागं माणूस काय, कशानेही जागं होतं.

मग आम्ही दोघं जिन्यात बसलो. दीड तास.
रूअरीला माझ्यातला अर्धा चहा दिला;
माझा त्याला चालतो, त्याचा मला चालत नाही.
आत शेजारच्या मोरॅग पिटकेथ्ली विणत होत्या.
डुलकी लागली की सुई वर करायची, असं ठरलेलं.

सुई वर झाली.
बटण.
एक. दोन. तीन.
डोळे उघडले ते चिडलेले, पण पूर्ण जागे.
मला बघून त्यांनी हात उचलला,
दोन बोटं हवेत झटकन वळवली.
मला कळेना.
‘गिरणीतली खूण,’ मोरॅग म्हणाल्या.
‘सूत तुटलंय, माग थांबव.’

सही केली. तारीख, वेळ, तीन सेकंद.
रकान्यात ‘उशी’ छापलेलं होतं.
ते खोडलं,
वर हाताने लिहिलं: खुर्ची.