वर लाइन गेली

नन्नावरे मॅडम सोमवारी सबस्टेशनला आल्या.
मला वाटलं, शाळेच्या बिलाचं काही.
म्हणाल्या, भोयरभाऊ, बुधवारी रात्री
दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी
गावात अंधार पाहिजे.

बावीस वर्षं खांबावर चढतो आहे.
लाइन आणा म्हणून लोकांनी मायबहीण काढली,
घालवा म्हणून हात जोडणारी ही पहिलीच.

रीडिंगच्या कागदामागे त्यांनी रेघ मारून दाखवली.
ऊन पोचेपर्यंत जिथं त्याचं चांदणंच उरतं
तिथं बर्फाचा एक धोंडा फिरतो.
नाव नाही. नंबर आहे,
आपल्या डीपीला असतो तसा.
तो एका ताऱ्यापुढून जाईल
आणि त्याची सावली आपल्या शिवारावरून,
सेकंदाला बावीस किलोमीटर.

सावली म्हटल्यावर सरपंचबाई थबकल्या.
"पिकाले काई होईन काय?"
हरभऱ्याला घाटे धरले होते,
डुकरांपायी रोज जागल,
त्यात टिपेश्वरचा वाघ मागल्याच आठवड्यात नाल्यापर्यंत येऊन गेलेला.
मारोती टेकाम म्हणाला, बॅटरी नाई लावत,
पन डब्बा वाजवीन.
मॅडम म्हणाल्या, वाजवा.
आवाजानं तारा हलत नाही.

अडीचला एबी स्विच खाली ओढला.
डीपीची घुंई थांबली, मग पंचायतीपुढचा मोठा दिवा,
मग कोणाच्या तरी घरचा पंखा, ऐकू येईल असा.
वणीकडचं आभाळ तेवढं पिवळट राहिलं,
खाणींचे दिवे माझ्या हातात नाहीत.

पऱ्हाटी उपटलेल्या वावरात दुर्बीण,
लॅपटॉपवर पतंगाचा लाल कागद चिकटवलेला,
नववीतली अचल किनाके वही घेऊन उकिडवी.
पडद्यावर तारा: ज्वारीची कणी,
तीही फुटकी.
एवढ्यासाठी मी फीडर बंद केला होता.

टेकामचा डबा वाजत होता लांब.
कोणी शिंकलं.

गेला.

मी उजेड जाताना खूप पाहिले आहेत.
व्होल्टेज पडलं की बल्ब आधी लाल होतो, मरायला टेकल्यासारखा,
तार तारेला लागली तर लुकलुक,
फेज गेला तर अर्धं गाव.
हा तसा नाही गेला.
होता आणि नव्हता.
अचल मोजत होती आणि आम्ही कोणीच श्वास घेत नव्हतो,
चार म्हणताना तो परत जागेवर,
जसं काही झालंच नाही.

मॅडम म्हणाल्या, हळूहळू मंद झाला नाही, पाहिलंत?
म्हणजे तिथं हवा नाही.
असली तर सांगण्याइतकीही नाही.
मी म्हटलं, म्हणजे डायरेक्ट ट्रिप.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हो, डायरेक्ट ट्रिप.

सकाळी फोन आले.
वरुडला दहा सेकंद.
आदिलाबादच्या पोरांना काहीच नाही,
रात्रभर बसली बिचारी, तारा तसाच.
मी हळहळलो तर मॅडम म्हणाल्या, उलट,
त्यांना दिसलं नाही म्हणून तर
धोंडा कुठं संपतो ते कळलं,
आपल्या आणि त्यांच्या मध्ये कुठंतरी.
मग आकडे जुळवून म्हणाल्या:
वणीपासून धरा,
अकोल्याच्याही थोडा पुढे जाईल एवढा.

एसटीनं पाच-सहा तास.
कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही, सगळा बर्फ.

तक्रार-वहीत मी कितीदा लिहिलंय,
"आज तक्रार नाही."
ती पानं कोरी समजून उलटत आलो.

त्या दिवशी लिहिलं:
रात्री २.३० ते २.५०, फीडर बंद.
कारणाच्या रकान्यात बर्फ मावत नव्हता.
झाडाची फांदी, लिहून टाकलं.
पेन उचललं, परत टेकवलं:
वरची लाइन, चार सेकंद. आपोआप पूर्ववत.

साहेबांनी लाल शाईनं गोल केलाय.
"वरची म्हणजे कोणती? ३३ केव्ही?
खुलासा द्यावा."

अजून दिला नाही.