पाण्याचं वजन

टेंभरूढाण्यात सगळे म्हणत होते,
फुलकईचा बिसराम चांगला भरला.
गाल पाहा, मनगटाची वळी पाहा.
अंगणवाडीच्या ताईनं तेवढा
त्याच्या पावलावर अंगठा ठेवला,
तीनपर्यंत मोजून उचलला.
खड्डा तसाच राहिला,
ओल्या मातीत शेळीचा खूर राहावा तसा.

मग जीप, मग धारणी, मग मी.

माझ्याकडे काटा आहे, वही आहे,
दोरीनं बांधलेलं पेन आहे,
आणि पातळ दूध. मापून. दर दोन तासांनी.
रात्री दोनला, चारला,
लाइट गेलेली असताना मोबाइल दातांत धरून.

"इतकंच?" फुलकई वाटीत डोकावते.
आमच्या इथं कुत्र्यालेही यापेक्षा…
वाक्य ती पुरं करत नाही.
मी सांगते, बाई, एवढ्या दिवसांचं उपाशी अंग,
एकदम भरलं तर काळीजच थांबतं.
ती माझ्याकडे बघते
रेशन दुकानदाराकडे बघावं तशी.

पहिल्या दिवशी सहा किलो आठशे.
तिसऱ्या दिवशी सहा चारशे.
पाचव्या दिवशी पाच नऊशे पन्नास.

तिला वाचता येत नाही. काटा येतो.
मोहफुलं घालताना व्यापाऱ्याच्या हाताकडे
डोळ्यांत तेल घालून बघत ती मोठी झाली.
"सिस्टर, माह्यं लेकरू घटू राह्यलं.
आणलं तवा भरेल होतं.
काय पाजता तुम्ही त्याले?"

वहीत याला सुधारणा म्हणतात.
पण आईला कसं सांगायचं,
ज्याला तू बाळसं म्हणून दृष्ट काढलीस
ते पाणी होतं, बाई.
पाण्याखाली तुझा मुलगा होता.
आता दिसायला लागलाय.
एवढाच आहे तो.

मी नाही सांगितलं.
तिचाच अंगठा धरून त्याच्या पावलावर ठेवला.
ती तिच्या बोलीत मोजू लागली,
मिया, बारिया, आफई.
उचलला. कातडी हळूच वर आली.
ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, पटलं.

पहाटे चारला वाटी घेऊन गेले
तर खाट रिकामी.

फाटकाजवळच्या पायरीवर बसली होती,
मांडीवर पोर, पोराखाली पिशवी,
सहाच्या एसटीची वाट बघत.
घरी थोरली एकटी, दोन शेळ्या,
तेंदूपत्त्याचे हे चारच आठवडे.
बुडालेली मजुरी मिळते म्हणतात,
मिळते, पण आधी कागद, मग बँक,
आणि बँकेत तिचं नाव चुकलेलं.
मी यातलं कशाला काय उत्तर देणार?
खाली बसले. चार वाजले होते.
चमच्यानं दूध पाजलं.

वाटी संपली, मी मागे घेतली
आणि बिसरामनं तिची कड धरली.
पाच दिवस मेणासारखा पडलेला,
सुई टोचली तरी हूं की चूं नाही,
तो वाटीला हिरड्यांनी चावत,
लाल होऊन, पाय झाडत
असा ओरडला की वॉचमन उठला,
रस्त्यापलीकडची कुत्री उठली.
इतकंच? इतकंच?
यावेळी ते तो विचारत होता.

फुलकईनं माझ्याकडे पाहिलं.
मी वाटी उलटी करून दाखवली.
तिला हसू आलं का ते अंधारात कळलं नाही.

एसटीचे दिवे वळणावर आले, थांबले, गेले.

सकाळी तिनंच त्याचे कपडे काढले,
तिनंच काट्यावर बसवला.
पाच नऊशे वीस.
आणखी तीस कमी.
माझं पेन थांबलं.

"लिव्हा," ती म्हणाली,
"पाणी गेलं, लिव्हा."

त्या रकान्यात आकड्यापुरतीच जागा असते.
मी समासात लिहिलं.