एका फुटाला बारा

पाच पायऱ्या, काळ्या दगडाच्या.
मीच बसवलेल्या, लग्नाच्या आदल्या साली,
छिन्नीनं कडा मारून, ओळंबा धरून.
दुधनेला पूर आला तरी
चर्चात पाणी शिरू नये, म्हणून उंच.
पाणी कधी शिरलं नाही.
सालोमीही नाही,
चौघांनी उचलल्याशिवाय.

दर रविवारी आम्ही:
मी, योहान कंडक्टर, दाविदचा थोरला,
आणि चौथा जो सापडेल तो.
खुर्चीसकट. एक, दोन, आणि वर.
ती डोळे मिटून घ्यायची.
मला वाटायचं, प्रार्थना करतीय.

खांद्याला कळ लागली की बरं वाटायचं.
आठवडाभर कुणाला काय बोललो,
कोणत्या मजुराचे किती कापले,
सगळं त्या कळेत फिटल्यागत.

मग हंगामाच्या सणाचा लिलाव.
भोपळा दोनशेला गेला, गावरान कोंबडी आठशेला,
मोसंबीची पाटी पाळकसाहेबांनी स्वतःच सोडवली.
पैसे जमले नव्या घंटेसाठी.
त्या दिवशीचा उपदेश त्या चौघांवर,
ज्यांनी परक्याचं छप्पर उचकटून
बाजेवरच्या मित्राला खाली सोडलं.
केवढा विश्वास, म्हणाले पाळक, केवढा विश्वास!
मी गवंडी. माझ्या मनात एकच:
ते छप्पर नंतर कुणी नीट केलं?

सालोमीनं हात वर केला.
उपदेशात कुणी हात वर करत नाही.
"त्या बाजेवरच्याला कुणी विचारलं का,
लोंबकळताना कसं वाटतंय?"

कुणी हसलं. कुणी खोकलं.
बाहेर मला म्हणाली,
"काका, तुम्हाला मपल्या वजनाची सवय झाली.
मला तुमच्या हातांची नाही झाली.
घंटा तर मला घरूनही ऐकू येती."

शिवणकामाची टेप गळ्यातच होती तिच्या.
पायरी सहा इंच. पाच पायऱ्या, अडीच फूट.
"एका फुटाला बारा फूट उतार लागतो. म्हणजे तीस."
अंगण एकवीस फुटांचं.
वळवावा म्हटलं तर इकडं विहीर, तिकडं कबरी.
समोर कंपाउंडची भिंत.
भिंतीपल्याड रस्ता, पंक्चरचं दुकान,
आणि रविवारी ताटली घेऊन बसणारा आंधळा किसनबुवा,
ज्याला आम्ही जाताना देतो,
आत बोलावत नाही.

कमिटीच्या तीन बैठका झाल्या.
एका माणसासाठी एवढा खर्च?
आणि भिंत पाडली तर शेळ्या शिरतील.
तेव्हा सुवार्ताबाई, ज्या कधी बोलत नाहीत,
पदरानं तोंड पुसून म्हणाल्या,
"एका मेंढरापायी तो नव्याण्णव टाकून गेला.
तुम्ही शेळ्यांना भेता?"

मीच फोडल्या मपल्या पायऱ्या.
पहिल्या घणाला हात आखडला.
तिसऱ्या दगडाखाली
माझ्याच तरुणपणीचं विडीचं थोटूक निघालं,
सिमेंटात रुतलेलं.

उतार पुरा झाला शनिवारी.
रविवारी आधी शेळीच चढली, खरंच.
मग किसनबुवा, काठीनं चाचपत,
"इथं भिंत होती ना रे?"

सालोमी आली पुढच्या रविवारी,
उशिरा, गाण्याच्या मधोमध, एकटी,
चाकांची करकर करत.
कुणीच उठलं नाही. उठायचं कारण नव्हतं.
माझे हात मांडीवर पडून होते,
दुसऱ्याचे असल्यागत.

निघताना ती उतारावर थांबली,
टेप लावली.
"मधी चार फूट उभा झालाय, काका. दंड भरून येतात."
"उद्या फोडतो," म्हणालो.

घंटा अजून जुनीच हाय.
चिरकी वाजते. नऊला वाजते.