फुली

मरोळ गावठाणात, मिस्किटाबाईंच्या माळ्यावर
आठ बाय चारचं प्लाय,
त्यावर वरून बंद केलेल्या चाराच्या आकड्यासारखा रेल्वेमार्ग.
एलियास मार्चमध्ये गेला. इंजिन राहिलं.
फुलीपाशी येतं आणि मरतं.
"तुम्ही टेलिफोनात होतात ना," बाई म्हणाल्या,
"तारांचं बघा जरा."

चौतीस वर्षं खड्ड्यात बसून मी केबल जोडली,
बाराशे जोड्या, रंगांवरून.
हे तर चार रूळ.
पण दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथे
एकीचं धन दुसरीच्या ऋणावर येऊन बसतं
आणि ट्रान्सफॉर्मर कण्हायला लागतो.
म्हणून रूळ कापायचा, पोस्टकार्ड जाईल एवढी फट,
फटीत प्लास्टिक, वरून नखाला लागू नये असं घासलेलं.
मधला तुकडा पोरका होतो.
त्याला दर वेळी रिलेनं सांगावं लागतं
आत्ता तू कोणाचा.

एलियासनं कापलं होतं नीट. माझ्याहून नीट.
वहीत रंगही लिहिलेले:
तांबडी बाहेरची, हिरवी आतली, पिवळी
आणि पिवळीपुढे काहीच नाही.
प्लायखाली आडवा होऊन टॉर्च मारला,
तर पिवळी वेटोळं करून ठेवलेली,
टोकसुद्धा सोललेलं नाही.
मग याची गाडी पलीकडे जायची कशी?

लॅमिंग्टन रोडवरून रिले आणला, एकशे दहाचा.
पुसायला म्हणून इंजिन हातात घेतलं.
धुराड्यामागे छपरावरचा रंग उडालेला,
बोटाच्या पेराएवढाच, आतलं पितळ चकचकीत.
मी काही विचारलं नाही.
सगळ्या जोडांना डाग दिला.
पिवळी तेवढी स्क्रूखाली धरली.
का, ते तेव्हा ठरवलं नव्हतं.

बटण. गाडी निघाली
पुठ्ठ्याच्या स्टेशनावरून, काडेपेट्यांच्या गोदामावरून,
टिक, आणि फुली ओलांडून गेली.
चाकांना कळलंसुद्धा नाही.

बाईंचं बोट पुढे आलेलं,
फुलीच्या वर, वीतभर हवेत.
पुढच्या फेरीलाही आलं.

"झालं की," त्या म्हणाल्या
आणि बोट गाऊनला पुसलं.
"किती द्यायचे?"
एकशे दहा, म्हटलं.

जिना उतरताना वरून ऐकू येत होतं,
टिक. टिक.
मग टिक नाही, नुसती चाकं.
मग चाकंही थांबली.

गल्लीत चप्पल घालेपर्यंत
पुन्हा निघाली.