पडायचं कसं

मॅच संपली. आपलं कॉलेज दोन-शून्यनं हरलं,
पण त्याबद्दल कुणी बोलतच नाहीये.
वडाळ्याच्या मैदानाबाहेर, टोस्ट सँडविचच्या गाडीपाशी
जुनाच सामना परत सुरू झालाय :
गोन्साल्विस सर की चुरी सर?

आयव्हन परेरा बोटं मिटत जातो. सात शील्ड.
सात! तुझ्या चुरीनं काय आणलं, सांग.
सात बोटं मिटलेली, उरलेली तीन
उगाच उभी, कुणीतरी हजेरी घेईल म्हणून.

तांडेल ओठांवरची चटणी पुसतो :
चुरींनी पोरं मार्गाला लावली.
चौदा जण. कोण बँकेत, कोण रेल्वेत, कोण गोदीत.
तुझा गोन्साल्विस सुजल्या गुडघ्यात सुई टोचून खेळवायचा.

खेळवायचा म्हणून जिंकायचो.
जिंकायचास म्हणून लंगडतोयस.

शैला कोळंबकर, जिनं एकही मॅच चुकवली नाही,
हळदीच्या दिवशीचीसुद्धा,
म्हणते, दोघंही थोर, दोघंही खडूस,
आणि ऑफसाइड दोघांनाही शेवटपर्यंत कळला नाही.
हशा. मग पुन्हा तेच.
आता सॉसची बाटली म्हणजे गोलपोस्ट,
काकडीच्या चकत्या म्हणजे बचावफळी.
गाडीवाला म्हणतो, काकडी खायची असते, साहेब.

मी गप्प. मी राखीव गोली होतो.
तीन वर्षं बाकावर बसून मी दोघांच्याही पाठी पाहिल्या :
गोन्साल्विस सरांची ताठ, घामानं नकाशा उमटलेली,
चुरी सरांची वाकलेली, खिशात सदैव कुणाचा तरी अर्ज.
दोघांनीही मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही.
"ए, दुसरा गोली," एवढंच.

जिमखान्यात लाकडी फलक आहे, सोनेरी अक्षरांचा.
गोन्साल्विस, शहाऐंशीपर्यंत.
चुरी, सत्त्याऐंशीपासून.
मधे बोटभर लाकूड कोरं.
त्या कोऱ्या लाकडात आठ महिने रझाक सर होते.

नागपाड्याहून यायचे सायकलवर,
गळ्यात हिरवी प्लास्टिकची शिट्टी,
जत्रेत मिळते तसली.
आम्ही ओळीनं नऊ मॅच हरलो.
संध्याकाळी सगळे गेले की मला थांबवायचे,
लाल मातीत भुसा पसरायचे आणि म्हणायचे, पड.
हात टेकून नाही. हात टेकला की मनगट जातं.
खांदा दे, पाठ दे, गोल हो,
जमिनीशी भांडू नकोस, तिला सांग, मी आलो.
दोनशे वेळा, तीनशे वेळा.
मॅचमध्ये पडायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

गेल्या महिन्यात दादरला
पुलाच्या पायऱ्यांवर पाय सटकला.
वय एकसष्ट. हातात भाजीची पिशवी.
खाली पोचलो तेव्हा गोल झालेला होतो,
वांगी चौफेर, हाडं जागच्या जागी.
डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, नशीबवान आहात.
मी काही बोललो नाही.

"तू सांग रे, दुसरा गोली. तुझं मत कुणाला?"
रझाक सर, मी म्हणालो.
कोण?
तांडेल आठवायला लागला. आयव्हन हसला,
"तो हिरव्या शिट्टीवाला? तो कोच होता? मला वाटलं, माळी."
शैलानं हातातला सँडविच खाली ठेवला.
पूर्ण नाव काय रे त्यांचं?
मला सांगता येईना.

मैदानावरचे दिवे गेले.
वाद अंधारातही चालू राहिला,
आता नुसत्या आवाजावरून ओळखायचं
कोण कुणाच्या बाजूचा.
पैसे कुणी द्यायचे यावर तेवढं एकमत झालं नाही, मीच दिले.

फुटपाथ उतरताना आयव्हननं माझा खांदा धरला.
त्या गुडघ्याला पायरी दिसली की भीती वाटते.
सावकाश, मी म्हणालो.
आणि पडलास तर, हात टेकू नकोस.