बारा सेकंदांची चाल

इमारत झाली. काचा, लिफ्ट, कारंजं.
आता माणसं टाकायची.

लायब्ररीतली माणसं उंच,
सोलापूरच्या मे महिन्यात कोट घालून फिरणारी.
घामाचा टिपूस नाही,
आणि पावलं फरशीच्या दोन बोटं वर.

म्हणून अशोक चौकातनं
राजेशम बोल्लींना बोलावलं.
मोबाईल स्टँडवर लावला.
"नुसतं चाला, मामा."
"कुठं चाललोय म्हणायचं?"
"कुठंच नाही. इथनं तिथं."
अडतीस वर्षं मागाशी उभा राहिलेला माणूस
कामाशिवाय चालायला लाजला.

डावा पाय जरा ओढत,
आणि दर चार पावलांनी
मान वळवून मागं बघणं,
धागा तुटला का ते.

बिल्डर म्हणाले, हा काय बघतोय सारखा?
गिऱ्हाइकाला वाटेल, मागं कोण लागलंय.

मान सरळ केली. पाय सरळ केला.
मग कोटही चढवला, म्हटलं आता राहिलंय काय.

फक्त चौथ्या मजल्यावर, काचेआड,
अंगठ्याच्या नखाएवढा एकजण
तसाच ठेवलाय.
बारा सेकंदांनी येतो, मागं बघतो,
काही तुटलेलं नसतं,
जातो.

त्याची सावली पडत नाहीये अजून.
उद्या बघतो.